डंकावरची वंशावळ

उन्हाळा लागला की आमच्या गल्लीतली माणसं बोलता बोलता मधेच शिंकायची. परगावच्या पाहुण्याला वाटायचं, साथ आली. साथ कसली, सुशीलाक्काचा डंक सुरू झालेला असायचा. डंक म्हणजे मिरची कांडायचं यंत्र. लोखंडी मुसळं धाडधाड वर-खाली, त्यांच्या खाली संकेश्वरी मिरची आणि त्या सगळ्याच्या वर अक्काचा आवाज. मिरची जास्त तिखट का अक्का, यावर गल्लीत एकमत नव्हतं.

माझं सायकलचं दुकान तिच्या डंकाला लागून. मी चौथी शिकलो. पाचवीत मास्तरांनी उगाच उभं केलं म्हणून दप्तर घेऊन घरी आलो, तो परत गेलो नाही. त्यामुळं माझ्या लिहिण्यात चुका निघतील. निघू देत. अक्कावर लिहायचं तर माझ्याइतका हक्क दुसऱ्या कुणाचा नाही. तिला माझ्याइतकं जवळून कुणी बघितलेलं नाही; आमच्या मधे फक्त एक पत्रा होता.

अक्का बुटकी, रुंद, चष्म्याला दोरी बांधलेली. दिवसभर मिरचीच्या धुरळ्यात उभी, पण तिला शिंकताना कुणी पाहिलेलं नाही. विचारलं तर म्हणायची, "मिरचीनं मला शिकवायचं न्हाई, मी मिरचीला शिकवलंय." कोल्हापुरातल्या आमच्या बायका पुरुषासारख्याच "मी आलो, मी गेलो" बोलतात. अक्का तर असं बोलायची की पुरुषांनी आपलं बोलणं बदलून घ्यावं.

चटणी कांडायला बाई आली की अक्काचा पहिला प्रश्न मिरचीचा नसायचा.

"म्हायेर कुठलं?"

बाई डोळं पुसत सांगायची.

"आईचं म्हायेर?"

बाई शिंकत सांगायची.

"आज्जीचं?"

इथं बऱ्याच बाया अडखळत. मग अक्का चिडायची. "जिच्या मांडीवर खेळलीस तिचं गाव म्हाईत न्हाई? जा, इचारून ये. तंवर तुझी मिरची बाजूला." आणि खरंच ठेवायची बाजूला! दोन-चार बाया आज्जीचं माहेर विचारायला फोनच्या टपरीवर पळालेल्या मी माझ्या डोळ्यांनी बघितल्यात.

हे खूळ तिला लागलं ते नव्वद सालाच्या आसपास. अक्का सासरची चौगुले, माहेरची भोपळे. भोपळ्यांचं मूळ गाव आजऱ्याकडं. एकदा इचलकरंजीच्या यंत्रमागवाल्यांतली एक बाई आणि आमच्याच गल्लीतली एक, दोघी रांगेत पुढं कोण यावरून भांडत होत्या. अक्कानं दोघींची उलटतपासणी घेतली आणि दोघी भोपळ्यांच्याच लेकी निघाल्या, एकाच पणज्याच्या. भांडण थांबलं, दोघी गळ्यात पडून रडल्या. मिरचीमुळं आधीच रडत होत्या, त्यामुळं खरं रडणं किती ते कळलं नाही. पण अक्काला त्या दिवशी झटका आला. समदं भोपळं गोळा करायचं. जिथं असतील तिथनं.

आता वंशावळ म्हटलं की लोक बाप्यांची नावं लिहितात. अक्काकडं सांगायला येणार बायका. त्या लेकींची नावं आधी सांगणार. त्यामुळं तिच्या वंशावळीत लेकी सगळ्या. कुठं दिली, कुणाची सून झाली, तिला काय झालं, सगळं. फक्त जुन्या बाया नवऱ्याचं नाव घेत नसत. त्यावर अक्काची युक्ती होती. मुद्दाम चुकीचं नाव ठेवून द्यायचं.

"मावशी, तुमचं मालक धोंडिबा न्हवं?"

"धोंडिबा? त्यो कोण मुडदा!"

"मग म्हादबा?"

"म्हादबा तर आमच्या दारात चोरी करून पळालता!"

असं पाच-सात चुकीची नावं ऐकून म्हातारीचा संताप व्हायचा आणि संतापात खरं नाव बाहेर पडायचं. मग ती जीभ चावायची आणि अक्का लिहून मोकळी.

लिहायची ती सिमेंटच्या पोत्याचे कागद उलगडून, ते डंकाच्या भिंतीला चिकटवून. लाल धुरळा बसून भोपळ्यांच्या पिढ्याच्या पिढ्या लालभडक झाल्या होत्या. गल्लीतली कार्टी म्हणायची, अक्काच्या भिंतीवर भोपळ्याचा वेल चढलाय.

याच भिंतीवर सर्जा आला. त्याचं असं झालं. अक्काची हौसाआत्ती, म्हणजे तिच्या वडलांची बहीण, डोळ्याच्या ऑपरेशनला कोल्हापुरात आली. नव्वदीच्या घरातली म्हातारी. डोळ्याला पट्टी, तोंड मोकळं. अक्का तिच्या उशाशी बसली.

"आत्ती, तुझ्या आज्ज्याला ल्योक किती?"

"चार. राणबा, येसबा, भैरू आन सर्जा."

अक्कानं चौघं लिहिले. राणबाचा वंश मिळाला, तो अक्काचाच. येसबाचा मिळाला, भैरूचा मिळाला. सर्जाचं पुढं काही सापडेना. अक्कानं आजऱ्यापर्यंत माणसं पिदडली. शेवटी आत्ती दुसऱ्या डोळ्याच्या ऑपरेशनला आली, तेव्हा पुन्हा तिच्याकडं गेली. त्या दिवशी मीही होतो, आत्तीला रिक्षातून उतरवायला.

"आत्ती, सर्जाला बायकू कुठली केलती?"

म्हातारी असली हसली, असली हसली, की पट्टी सुटती काय म्हणून आम्ही घाबरलो.

"खुळी का काय गं? बैलाला कुठली बायकू?"

सर्जा बैल होता! आज्ज्यानं पोरागत वाढवलेला. आज्जा जाईल तिथं सांगायचा, मला चार ल्योक. लहानपणी हौसाआत्तीनं तसंच ऐकलं आणि तसंच सांगितलं.

मी म्हटलं, "अक्का, खोडा आता."

"का म्हणून खोडू? आज्ज्यानं ल्योक म्हटलंय. मी कोण खोडणार?"

"आवो, बैल हाय त्यो!"

"मिस्त्री, ह्या भितीवर कितीतरी बाप्यं हायती, त्यांच्यापरीस सर्जानं काम जास्त केलंय. ऱ्हाऊ दे."

सर्जा राहिला.

पुढं आमच्या शेजारी प्रकाशनं नेट कॅफे टाकला. प्रकाश इचलकरंजीचा. माग विकले आणि त्यांच्या जागी कॉम्प्युटर घेतले. डंकाच्या हादऱ्यानं त्याची टेबलं नाचायची, म्हणून पहिल्याच दिवशी तो अक्काशी भांडायला गेला. अर्ध्या तासानं परत आला तो आपल्या आज्जीचं माहेर सांगून आणि अक्काची वंशावळ इंटरनेटवर टाकायचं कबूल करून. हा माणूस पूर्वी मागाची युनियन चालवायचा, म्हणजे बघा.

दोघं महिनोन्‌महिने बसले. ती सांगायची, तो बोटं आपटायचा. शेवटी एक दिवस भोपळ्यांची वंशावळ जगात गेली. सगळ्यात वर अक्कानं लिहून घेतलं होतं, "ही वंशावळ सुशीला चौगुले, भोपळ्यांची लेक, हिनं गोळा केली आहे." अक्कानं गल्लीला पेढे वाटले. "आता अमेरिकेत कुणी बसलं तरी मी दिसतो," म्हणून सांगत सुटली.

दुसऱ्याच दिवशी गडहिंग्लजहून कुणा भोपळ्याचा फोन. "अक्का, सगळं वाडवडील चौकोनी दिसाय लागल्यात की!" त्या काळी मराठी अक्षरं सगळ्या कॉम्प्युटरवर उमटत नसत, अक्षरांच्या जागी नुसते चौकोन यायचे. अक्का फोनवर ओरडली, "चौकोनी तर चौकोनी! हायती न्हवं?"

मग दिवाळीत विलासराव आले. नात्यानं अक्काचे चुलतभाऊ, भैरूच्या वंशातले. पुण्यात मोठ्या हुद्द्यावरून रिटायर झालेले. इस्त्रीचा झब्बा, बोलणं गोड. भिंत बघितली, कॉम्प्युटर बघितला, म्हणाले, "ताई, तुम्ही केवढं मोठं काम केलंय. मला एक प्रत द्या, घरी दाखवतो." अक्कानं प्रत दिली, वर चटणीचा डबा दिला.

पुढं काही महिन्यांनी प्रकाशनं पत्र्यावर हात आपटून आम्हा दोघांना बोलावलं. कॉम्प्युटरवर विलासरावांचा रंगीत फोटो, गॉगल लावलेला. खाली, "भोपळे घराण्याचा इतिहास. संशोधन : विलास भोपळे. सर्व हक्क राखीव." खाली सगळी वंशावळ अक्काची. अक्काचं नाव कुठंही नाही. वरचं नाही ते नाहीच, राणबाच्या वंशात तिच्या बापाच्या खालीसुद्धा नाही. प्रकाश एकेक पिढी खाली सरकवत गेला. एकही लेक नव्हती. सगळ्या काढलेल्या.

अक्का चष्मा दोरीनं ओढून जवळ गेली.

"परकाश, ह्ये कोण?"

प्रकाशनं वाचलं. "सरदार सर्जेराव भोपळे. आजन्म ब्रह्मचारी. पहिल्या महायुद्धात छातीवर गोळी झेलून वीरमरण."

कॅफेत एक पोरगं हेडफोन लावून बसलं होतं, त्यानंसुद्धा दचकून मागं बघितलं, एवढ्यानं अक्का ओरडली.

"आरं, लेकी काढल्या आन बैल ठेवला!"

प्रकाश आणि मी पोट धरून हसलो. अक्का नाही हसली. डंकावर गेली आणि दिवसभर कुणाला माहेर विचारलं नाही. बाया येऊन नुसती चटणी घेऊन जात होत्या. मला ते बघवेना.

दोन दिवसांनी तिचा धाकटा भाऊ बाळू गावाहून आला. तिला समजवायला. पत्र्याच्या अलीकडं मला सगळं ऐकू येत होतं.

"अक्का, सोडून दे की. तू दिल्या घरची. घराणं भोपळ्यांचं, तुझं आडनाव चौगुलं."

"गोळा कुणी केलं?"

"केलंस गं. पर लेकींची नावं अशी उघड्यावर... भावकीत लोक म्हणत्यात, आता कायदा बदलतोय. उद्या ह्ये कागद घिऊन समद्या वाटणी मागाय येतील."

डंक बंद झाला. मुसळं थांबली की गल्लीला कान फुटल्यासारखं वाटायचं.

"बाळ्या," अक्का म्हणाली, "जमिनीचं नंतर बघू. आधी नाव."

पुढं काय होणार याचा आम्हाला अंदाज नव्हता, पण विलासरावांनीच सोय केली. भोपळे कुलमेळावा भरवला, कोल्हापुरातच, एका मंगल कार्यालयात. छापील पत्रिका सगळ्या भोपळ्यांना. अक्काला नाही, ती चौगुले. अक्का म्हणाली, "म्हायेरच्या कार्याला लेकीला आवतान लागत न्हाई." नवीन इरकल नेसली, हौसाआत्तीला गावाहून आणली, प्रकाशला घेतलं, मला म्हणाली, "मिस्त्री, तुमी साक्षीदार."

दारात फेटा बांधणारा बसला होता. "पावणं, भोपळं का?" म्हणाला. मी म्हटलं, "भोपळ्यांच्या लेकीकडनं." त्याला काय कळलं कोण जाणे, त्यानं मलाही बांधला. झकास बांधला होता. आयुष्यात तेवढा एकदाच मी भोपळे झालो.

हौसाआत्तीला सगळ्यात वडीलधारी म्हणून पहिल्या रांगेत बसवलं. अक्का तिच्या शेजारी जाऊन बसली. ऊठ म्हणायची छाती कुणाची? विलासराव माईकवर आले. भिंतीवर पडदा, पडद्यावर वंशावळ. पंधरा वर्षं झटलो म्हणाले, गावोगाव हिंडलो म्हणाले. मग आवाज जड करून सर्जेरावांवर आले. पडद्यावर एका घोड्यावरच्या सरदाराचं चित्र. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मागून कुणीतरी "सर्जेराव भोपळे यांचा विजय असो" केलं.

अक्का उठली. आवाज एकदम मऊ. तो आवाज मी पूर्वी कधी ऐकला नव्हता, नंतरही नाही.

"विलासदादा, सर्जेरावांचं आणिक काय सांगा की."

विलासराव खुलले. "सहा फूट उंची, भरदार शरीर."

"मान?"

"भक्कम!"

"आवाज?"

"त्यांनी आवाज दिला की शिवार हादरायचं."

"खांद्यावर घट्टा हुता म्हणत्यात."

"तलवार पेलून पेलून," विलासराव म्हणाले. माझ्या शेजारी प्रकाश फेट्याचा शेमला तोंडात कोंबून बसला होता.

"आन मेले कशानं?"

"छातीवर गोळी..."

इतका वेळ हौसाआत्तीला नीट ऐकू येत नव्हतं. अक्का तिच्या कानाशी वाकून म्हणाली, "आत्ती, सर्जा, सर्जा!" म्हातारीचा चेहरा उजळला. तशीच बसल्या जागेवरून खणखणीत आवाजात म्हणाली,

"गोळी कुठली रं बाबा? हिरवा घास लई खाल्ला आन पोट फुगलं त्याचं! आज्ज्यानं आठ दिस अन्न घेतलं न्हाई. गावात तसला बैल पुन्ना झाला न्हाई."

आधी कुणाला कळलंच नाही. मग पहिल्या रांगेला कळलं, मग दुसऱ्या, मग भिंतीपर्यंत. मी बऱ्याच यात्रा-जत्रा बघितल्यात, तमाशे बघितल्यात, एवढं हसलेलं सभागृह बघितलं नाही. फेटे सुटले. एका भोपळ्याला उचकी लागली, त्याच्या पाठीत दुसरा भोपळा बुक्क्या घालत होता आणि दोघंही हसत होते. मागच्यानं पुन्हा "सर्जेरावांचा विजय असो" केलं, आणि या खेपेला सगळ्यांनी साथ दिली.

विलासराव लालबुंद. पण माणूस हुशार, माईक सोडला नाही. "ही चूक या बाईंची आहे," म्हणाले. "यांच्याच कागदावर बैल होता. यांनीच घातला!"

सगळे अक्काकडं बघायला लागले.

"व्हय," अक्का म्हणाली. आवाज परत डंकावरचा झाला होता. "चूक माझीच हाय. मीच घातलाय. आता मला सांग विलास, चूक माझी, तर मग बाकीचं काम कुणाचं?"

विलासराव माईकची वायर सरळ करायला लागले.

"आन एक सांगतो. ही बघ, ही हौसाआत्ती. फुडं बसवलीस, फेटा देतोस, तुझ्या पडद्यावर हिला दाव कुठं हाय. मी कुठं हाय? आमचं जाऊ दे." ती पडद्यापाशी गेली आणि सगळ्यात खालच्या ओळीवर बोट ठेवलं. "भैरूचा वंश तुझ्यावर येऊन संपलाय बघ. खाली कोण न्हाई. आन त्या तिथं दोघी बसल्यात, त्या कुणाच्या?"

तिसऱ्या रांगेत विलासरावांच्या दोन्ही लेकी बसल्या होत्या. दोघी चांगल्या शिकलेल्या. हसता हसता त्या थांबल्या. थोरली पडद्याकडं बघत राहिली आणि म्हणाली, "बाबा, आम्हाला पण काढलंत?"

तेवढंच म्हणाली. विलासरावांनी माईक खाली ठेवला. मला तो माणूस तोपर्यंत आवडत नव्हता, पण त्या वेळी त्यांचा चेहरा बघून मी फेटा काढून मांडीवर घेतला.

मग मागून एक बाई उठली. "माझं नाव बघा, येसबाच्यात हाय का." दुसरी उठली. सासरची आडनावं वेगवेगळी, लेकरं कडेवर, काही नुसत्या वाढायला म्हणून आलेल्या. सगळ्या पडद्याकडं निघाल्या. जेवणाची पंगत खोळंबली, आचारी येऊन बघून गेला. शेवटी बाळू उठला. मला वाटलं, आता हा भांडणार. तो म्हणाला, "आपली थोरली हीर सामाईक हाय. एकाची न्हाई. पाळीनं पाणी घेतो. ह्येचं बी तसंच करूया. पर हीर खणली कुणी त्येवढं लिवायचं, अक्कानं खणली म्हणून." आणि अक्काकडं न बघता खाली बसला.

तसंच ठरलं. विलासरावांनी आपलं पान काढून टाकलं आणि प्रकाशकडच्या पानाचा पासवर्ड पाळीनं फिरायला लागला, एकेका वंशाकडं एकेक महिना. आता विहिरीच्या पाळीवर जेवढी भांडणं होतात तेवढीच यावरही झाली. येसबावाल्यांनी आपल्या पाळीत येसबाला थोरला केला. राणबावाल्यांनी पुढच्या महिन्यात परत धाकटा केला. एका पठ्ठ्यानं नवीन ट्रॅक्टरचा फोटो घातला. विलासरावांनी आपल्या पाळीत काय केलं, तर सगळ्यात खाली दोन्ही लेकींची नावं लिहिली, शिक्षणासकट. बाकी कशाला हात लावला नाही. नियम एकच होता, आणि तो अक्कानं प्रकाशकडनं पानाच्या कपाळावर लिहून घेतला होता : वाढवा कितीही, लेक खोडायची नाही.

त्यानंतर अक्काला धीर धरवेना. भोपळे संपले, म्हणून ती दुसऱ्यांच्या मागं लागली. डंक सुनेवर सोडून हिंडायला लागली. तिला मी शेवटचं बघितलं ते एस.टी. स्टँडवर. मी हँडलची पेटी सोडवायला गेलो होतो. वारणानगरला कारखान्याच्या वसाहतीत कुणी म्हातारी आहे, तिला सात पिढ्यांतल्या सुना तोंडपाठ आहेत, असं अक्काला कळलं होतं. गाडी गच्च भरलेली. अक्का ड्रायव्हरच्या मागची खिडकी धरून बसलेली, मांडीवर चटणीचा डबा. ड्रायव्हरला काहीतरी विचारत होती आणि तो बिचारा डोकं खाजवत आठवत होता.

मला बघितल्यावर तिनं खिडकीतनं अर्धं अंग बाहेर काढलं.

"मिस्त्री! इतकी वर्सं शेजारी ऱ्हायलो, तुमच्या आईचं इचारायचंच ऱ्हायलं की! नाव काय? म्हायेर कुठलं?"

गाडी सुटली होती. मी पेटी खाली टाकली आणि मागं पळालो. आईचं नाव मी कितीतरी वर्षांत तोंडानं घेतलेलं नव्हतं. घरात सगळे आई, आज्जीच म्हणायचे. स्टँडभर ऐकू जाईल असा ओरडलो, "तुळसा! हलकर्णीची!"

गाडी वळली, अक्काची खिडकी पलीकडं गेली. मागच्या खिडकीत एक टोपीवाला बसला होता, त्यानं ऐकलं. तो पुढं वळून ओरडला, "हलकर्णीची तुळसा म्हणत्यात!" त्याच्या पुढच्या बाईनं तेच पुढं सांगितलं, कंडक्टरनं पुढं सांगितलं. गाडी फाटकातनं बाहेर पडेपर्यंत माझी आई एका बाकावरनं दुसऱ्या बाकावर पुढं पुढं सरकत होती, आणि अगदी शेवटी, पार पुढनं, अक्काचा आवाज आला, "हलकर्णीची कुणाची? बापाचं नाव सांगा की!"